कूलरसमोरची जागा

नाही, मले एक सांगा गल्लीवाल्याहो, माह्याच घरात मलेच बसाले जागा नाही म्हणजे काय? अर्धा तास झाला, सक्करदऱ्याच्या ह्या माह्या घराच्या पायरीवर उभा आहे मी, शालिकराम, घरमालक! अन् काहून? तर पोरीले वाचनाची गोडी लागली पाह्यजे म्हणे!

सुरुवातीपासून सांगतो. मार्चमध्ये मयुराच्या शाळेत पालकसभा होती. पाचवीत होती तेव्हा आमची मयुरा. तिच्या भैरवी मॅडम एकदम शुद्ध बोलणाऱ्या, "हे बघा, ती वाचताना फार अडखळते. उभं केलं की रडते. घरात वाचनाचं वातावरण निर्माण करा." आता वातावरण कुठं भेटते, धरमपेठेच्या दुकानात? पण रडते म्हटल्यावर मले माही शाळा आठवली ना! मीही तसाच होतो. मास्तरनं "शालिक, ऊठ" म्हटलं की पुस्तक हलाचं अन् अक्षरं नाचाचे. माह्या पोरीचं तसं नाही झालं पाह्यजे. ठरवलं, पोरीले वाचनाची गोडी लावाची म्हणजे लावाची!

गेलो धरमपेठेत, गोष्टीचे चौदा पुस्तकं आणले. एक वाचलं की एक सामोसा, असं कबूल केलं. पोरगी दहा मिनिटात हजर! "बाबा, झालं." म्हटलं, सांग. सुरुवात सांगितली, शेवट सांगितला. "अन् मधात काय झालं वं?" तर म्हणते, "मधात सामोसा थंडा होऊन राहिला होता ना बाबा!"

मग आला मे महिना. तुम्हाले तर माहीत आहे आपल्या नागपूरचा मे, नळ उघडला की चहाचंच पाणी! घरात कूलर एक. त्याच्या वाळ्याच्या ताट्या मी बदलवतो, पाण्याच्या बादल्या मी ओततो, अन् समोर पसरते कोण? मयुरा, बाजूची काजल, तिचे दोन भाऊ, अन् उमरेडहून आलेली माही बहीण वच्छलाताई, तिचे दोन पोरं वेगळे. सगळ्याइच्या हातात मोबाईल! माहं डोस्कं तापलं अन् मी गरजलो, "आजपासून ज्याच्या हातात पुस्तक, त्यालेच कूलरसमोर जागा!"

हाच तो क्षण... माह्या पायावर मीच धोंडा पाडून घेतला.

पहिल्या दिवशी पुस्तकं उलटे धरले. दुसऱ्या दिवशी सरळ धरले. चौथ्या दिवशी काय पाहतो, कूलर घरघर करते म्हणून मयुरा जोरजोरानं वाचून राहिली, अन् बाकीचे तोंड उघडे टाकून ऐकून राहिले! अडखळत होती, पण कूलरच्या आवाजात कोणाले समजते? रडली नाही, थांबली नाही. मी दारातच बादली घेऊन उभा, बादली गळून राहिली, इकडं डोळे गळून राहिले, कोणाले सांगता?

डोळे पुसले, कूलरमंधी बादली ओतली अन् टेकलो सतरंजीवर. तर मयुरा म्हणते, "बाबा, पुस्तक?" म्हटलं, अवं मी तुहा बाप आहे! "नियम म्हणजे नियम." प्रेमिला, आमची मिसेस, ते पण हातात पुस्तक धरून म्हणते, "तुम्हीच तं केला नियम!" घेतलं मग एक, पक्ष्याइचं. अकराव्या पानावर डोळा लागला. काजल ओरडली, "काका झोपले! काका आऊट!" रोज हेच! उरलेला मे महिना मी स्वयंपाकघरात काढला, गॅसच्या बाजूले! वरून सगळे म्हणते, पोरीले गोडी लागली ना!

जूनमध्ये कूलर गच्चीवर ठेवला, वच्छलाताई गेली, काजल अन् तिचे भाऊ पक्ष्याइचं एक सोडून बाकी पुस्तकं घेऊन गेले. अन् माह्या जिवाले घोर लागला. गोडी पुस्तकाची होती का गारव्याची? दोन दिवस पोरीनं पुस्तकाकडं पाह्यलं नाही. मले जेवण गेलं नाही ना गा!

अन् आज दुपारी पाहतो तर काय! कूलर नाही, त्याची रिकामी खिडकी आहे, अन् त्याच जागेवर मयुरा! घामानं निथळून राहिली, केस कपाळाले चिपकलेले, हातात तेच पक्ष्याइचं पुस्तक. मी हळूच म्हटलं, "कूलर नाही वं, इथं काहून बसली?" मान वर न करता म्हणते, "बाबा, बोलू नका ना, मधातलं चालू आहे."

मधातलं! सामोसा नाही, कूलर नाही, मधातलं वाचून राहिली माही पोरगी! म्हटलं, आपण बाजूले बसू, गुपचूप, नुसतं पाहू. टेकलोच होतो...

"बाबा, पुस्तक?"

आता घरात उरलेलं एकच पुस्तक, ते तिच्याच हातात! म्हणून बाहेर आलो. तुमच्याइपैकी कोणाजवळ एखादं असन तर द्या ना गा... पातळसं पाहा, चित्रं असले तर बेस. मले घरात जाचं आहे!