बिब्ब्याचं नाक

नाई नाई भाऊ, हात नका लावू भिंतीले — फोटो काढा, कितीही काढा, पण हात नाई. बिब्बा आहे तो. ओला असताना बाबाच्या बोटाले फोड यायचे, तरी काढत राह्यचा. शाई कुठून आणन तो? बिब्बा आपला धानोऱ्याच्या रानात फुकट. आणि शिकवलं कोणं? कोणंच नाई. मिठाच्या पुडीचा छापील कागद यायचा न बाजारातून, त्यावर पुढाऱ्यांची चित्रं राह्यची — कोणाचं पोट नगाऱ्यासारखं, कोणाचं डोकं मडक्याएवढं — तेच पाहून पाहून. माणूस एकदा बाजारात दिसला, का त्याचं काय मोठं करायचं ते माह्या बाबाले, बुधूले, समजे.

या माणसाचं नाक. पाहा न — काटा धरून मोहफुलं मोजून राह्यला, आणि नाक एवढं लांब, का त्याचंच टोक पारडं दाबून राह्यलं. ठेकेदार. काटा कसा मारते हे साऱ्या बायांना माहीत होतं, बोलत कोणी नव्हतं. हे चित्र निघालं आणि अख्खा बाजार हासला — बाया तोंडात पदर धरून, आणि पोरं त्याच्या मागं नाक धरून पळत.

मग काय? मग काय होईन, भाऊ! त्याची माणसं आली. पेटीभर कागद होते बाबाचे, सारे अंगणात जाळले. बाबाचा उजवा पंजा उंबरठ्यावर ठेवला, आणि त्याच काट्याचं वजन, सगळ्यात मोठं — मी चुलीपाशी होती. तो आवाज — जाऊ द्या. त्या हातानं बाबानं परत रेघ मारली नाई.

आणि भिंतीवर चुना मारला. तिथंच फसला तो ठेकेदार! जन्मभर बिब्बा विकला, पण धोब्याले कधी विचारलं नाई, कपड्यावरची खूण पक्की कशानं होते. चुना लागला का बिब्बा आणखी काळा होते. पंधरा दिवसांत नाक वर आलं. परत मारला, परत आलं — पहिल्यापेक्षा काळं! शेवटी त्यानं हा रस्ताच सोडला, बाजाराले मागून जाय.

तुम्ही म्हणता तुकडा कापून नागपूरले नेतो, म्युझियममध्ये, काचेत. जुनी व्यंगचित्रं जपाले पाहिजे म्हणता. खरं आहे, बाबाचं हे एकच उरलं. पण आजच काऊन? आणि गाडी तिकडं, चौकातल्या पुतळ्यापाशी काऊन उभी केली? कापड गुंडाळून ठेवलं आहे त्याले, उद्या उघडणार आहेत म्हणे. जरा इकडं या, उन्हात. आता तोंड रस्त्याकडं करा. थोडं आणखी — हां. तेच नाक.

त्या ठेकेदाराचा नातू का तू? खिशात हात काऊन घातलास?

नोटा आत ठेव, बाबू. तुले काय वाटते, मी चित्र जपते? बाबा जाताना म्हणे, "धुरपता, खरडून टाक ते, तोही गेला, मीही चाललो." मी हो म्हटलं. हातात हात घेऊन हो म्हटलं, त्याच मोडक्या हातात. आणि तेव्हापासून दर दिवाळीले मीच चुना मारते, आणखी काळं व्हावं म्हणून. हे मी माह्या भावाले नाई सांगतलं. तुले काऊन सांगतलं, कोण जाणे.

बादलीकडं काऊन पाहतस? चुनाच आहे. आजच मारणार आहे. उद्या भिंत पांढरी दिसन, खुशाल तुह्या आज्याच्या पुतळ्याले हार घाला, भाषणं करा. पुतळ्याचं तोंड इकडंच आहे न? मी विचारून आली गवंड्याले. इकडंच आहे. मग पंधरा दिवस थांब म्हणा त्याले — थांबतेच तो, आता कुठी जाते, मागचा रस्ता थोडाच आहे त्याले.

पाय काढ तिथून. बादली सांडन. जा.