आमच्याकडं लय म्हणजे भरपूर

मी ओझरचा. बाप विमानाच्या कारखान्यात रिव्हेट मारायला, आई द्राक्षाच्या मळ्यात रोजानं जायची. बापाला नोकरीचा अभिमान व्हता, पण त्याच्यापेक्षा जास्त आमच्या आळीच्या ढोलाचा. मी सातवीत ढोल कमरेला बांधला तो सुटलाच नाय. आता ढोलात कसं असतं सांगतो, समोरची लोकं तापली की हात चढतो, चढलाच पाहिजे, चौकात मिरवणूक आली आन ढोल तसाच चालला तर लोकं तोंडावर म्हणतात, जेवला नाय का रे आज.

कॉलेजला नाशकात गेलो तिथं मिलिंद भेटला. कॉलेज रोडचा, वडील डॉक्टर, केस खांद्यापर्यंत, पाठीला गिटार. त्याचा बँड व्हता पण ड्रमवाला सोडून गेलेला. मला म्हणला, दत्त्या, ढोल वाजवतोस ना, मग बस. मी तर ड्रम जवळून पहिल्यांदा बघत व्हतो. बसलो. दोन मिन्टात थांबवलं, म्हणला अरे लय, लय पाहिजे. आता काय सांगू तुम्हाला, आमच्या ओझरला लय म्हणजे भरपूर. लय पाऊस, लय कांदे, लय मारला. त्याला पाहिजे ताल आन मला वाटलं कमी पडतंय. मी जोरात हाणला. तो परत म्हणला लय रे लय, मी असा हाणला की झांजेचा स्टँडच आडवा झाला. सचिन बास वाजवायचा, तो हसून हसून खाली बसला, म्हणला ह्यानं भलतंच समजलंय. पण मिलिंद हसला नाय. म्हणला थांब, हेच पाहिजे, हाच आवाज.

त्या चुकीवर आमचा बँड उभा राहिला, खोटं नाय सांगत. नाव ठेवलं घण. सचिनच्या मामाची कांद्याची चाळ रिकामी असायची तिथं वाजवायचो, कपड्यांना कांद्याचा वास, कानात दडे. गॅदरिंगला बोलवायला लागले, मग तालुक्याच्या गावी. गाणी इंग्रजी, कुणाला कळायची नाय, मलाबी नाय. सटाण्याला एक म्हातारा स्टेजमागं आला, म्हणला भाऊ, काय समजनं नई, पन आजून छातीमा वाजी ऱ्हायनं. त्यानं माझे हात हातात घेऊन बघितले. असं कौतुक परत कुणी केलं नाय.

मग मुंबईच्या कॅसेट कंपनीचा एक माणूस आला. म्हणला पोरं चांगली हायेत, पण घरात आईवडलांसमोर लावता येईल असं काहीतरी करा, जरा घासूनपुसून घ्या. झालं. मिलिंदनं केस कापले, मधी एक कीबोर्डवाला आणला, गाणी मराठी झाली, चांदणं आन पापण्या. गोड गाण्याशी माझं वाकडं नव्हतं, मला फक्त वाजवायचं व्हतं.

मुंबईला स्टुडिओत गेलो. कानात हेडफोन घातला, त्यात नुसतं टिक टिक टिक. म्हणले ह्याला क्लिक म्हणतात, ह्याच्यासंगं वाजवा. मी वाजवलं. काचेमागचा माणूस म्हणला, ड्रमर पळतोय, टिकटिकीच्या पुढं जातोय. परत वाजवलं, परत पळतोय. अहो, गाणं चढलं की हात चढणार, माझ्यात तेच तर व्हतं, आन तिथं तोच रोग ठरला. सकाळची दुपार झाली. मग तो माणूस एकदम गोड बोलायला लागला, म्हणला दादा, आता एक काम करा, एकेक ड्रम सुटा मारा, हळू, मग मधला, मग जोरात, आवाज तपासायचाय. मी इमानदारीत मारले. प्रत्येक फटका जीव लावून. मिलिंद म्हणला दमलास, तू एस्टीनं हो पुढं, बाकी आम्ही बघतो.

चार महिन्यांनी कॅसेट आली. लावली तर आवाज माझा, फटका माझा, पण ते मी वाजवलेलंच नाय! सचिननं खरं सांगितलं, तुझे सुटे फटके कॉम्प्युटरवर कापून ओळीत लावले. कव्हरवर तिघांचे फोटो, माझं नुसतं नाव मागच्या बाजूला, आभारात, फोटोग्राफरच्या खाली. मिलिंदला विचारलं, तर म्हणतो कसा, अरे सगळीकडं तूच तर आहेस. म्हणजे कोंबडी कापून शिजवायची आन तिलाच म्हणायचं ताटात तूच तर हायेस. बापानं कॅसेट पूर्ण ऐकली, म्हणला आवाज वळखला, पण तू कुठं हायेस यात? मी कॅसेट काढून डबीत घातली. कॅसेट चालली, चांगली चालली, लग्नात वाजायची. मी तिथून उठून जायचो.

मग मी अंबडला कंपनीत लागलो, पॉवर प्रेसवर. दहा वर्षं झाली. पत्रा सारायचा, हात मागं, ठोका. परत सारायचा, हात मागं, ठोका. जरा आधी हात गेला तर बोट जातं, माझ्या शेजारच्याची दोन गेली. अंगातली घाई तिथं आपोआप मरते.

गेल्या साली कॉलेजचा कार्यक्रम व्हता. मिलिंद आता मोठा माणूस, मुंबईला जाहिरातींचं संगीत करतो. त्याचा फोन, दत्त्या तुझ्याशिवाय नाय. बायको म्हणली जा, किती दिवस धरून बसणार. गेलो. त्यानं कानात क्लिक दिली, मी ती चांदण्यांची गाणी वाजवली, पयल्यापासून शेवटपर्यंत. खाली लोकं बसून ऐकत व्हती, उठलं कुणी नाय. संपल्यावर मिलिंदनं मिठी मारली, डोळ्यात पाणी, म्हणला आता जमलं रे तुला, एकदासुद्धा पळाला नाहीस.

त्याचं भलं होवो, त्याच्या लेकराबाळांचं भलं होवो. मी म्हणलं, सकाळची पाळी हाय, निघतो.