घड्याळातली पावलं

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक शिंपी बायकोसोबत बसला होता.

"डॉक्टरांना सांगेन, पाण्याची बाटली रोज रिकामी होते."

"होणारच. इस्त्रीच्या कपड्यांवर शिंपडता ना."

"आणि हे घड्याळ बघ. रोजची बारा हजार पावलं."

"मग तुमच्या पँटची कंबर मला दोनदा उसवून वाढवावी का लागली?"

"कापड आटलं असेल."

"मला कापड शिकवू नका. घड्याळ बांधता कुठे?"

"शिलाई मशीनच्या पायडलला."

"रविवारी तर दिवसभर लोळत होतात. तरी यात रविवारची चौदा हजार दिसतात?"

"रविवारी मशीनवर तू होतीस."

आतून त्यांचा नंबर पुकारला.

"चला. पावलं माझी आहेत, तेव्हा शाबासकी मी घेते. तुम्ही पोट घेऊन मागून या."