लाईट जाऊ द्यायची न्हाई

— तर ऋतुजा म्हणत होती, “आई, मधेच लाईट गेली ना, तर लॅपटॉप कायमचा...” आणि तेवढ्यात सटवाची गिरणी सुरू झाली. पुढचं काई ऐकू आलं न्हाई. भिंतीला कान लावून मी उभी होते असं न्हाई हां उत्तरेश्वर भाऊ, मी कपडे वाळत घालत होते — आता दोरी भिंतीला लागूनच हाय त्याला मी काय करू? पण कायमचा म्हणल्यावर पुढं काय राहिलं? मेलाच की. घ्या, चहा घ्या. फांद्या काय पळून जातेत का? लिंबाच्या फांद्या तारेला आजच लागल्यात का? दोन वर्षं झाली मी अर्ज करतेय, तवा एक लाईनमन फिरकला न्हाई — आणि आज नेमकं तुमाला डीपी बंद करून लाईट घालवायची!

कावून म्हणजे? सांगते की. शेजारच्या संगीताची पोरगी ती, अंबाजोगाईला शिकते. लॅपटॉप चालू व्हायच्या आधी त्याच्या आत जे पहिलं जागं होतं ना, तेच ती बदलतेय — फर्मवेअर म्हणतेत. कंपनीनं जुन्या लॅपटॉपकडं बघायचंच सोडलं, म्हणून जगातल्या कुठल्या कुठल्या पोरांनी मिळून नवं लिहिलंय, अन् फुकट! शिवाय आत काय लिहिलंय ते कुणीबी उघडून वाचावं म्हणे. मला तर पटलंच न्हाई. अवो, माझ्या काळ्या मसाल्याचं माप मी सख्ख्या जावेला सांगितलं न्हाई, अन् हे लोक सगळं चव्हाट्यावर मांडून बसलेत! पण पोरगी हुशार हाय, तिला कळतंय. फक्त बॅटरी फुगली म्हणून काढून ठेवलीय, नुसत्या वायरीवर चाललंय — म्हणून म्हणते, बसा.

मी गल्लीभर सांगून आले. सटवाला म्हणलं गिरणी बंद कर, मोटारी बंद, मिक्सर बंद. सगळ्यांनी ऐकलं. आता गल्लीच्या त्या टोकाला जाईपर्यंत ‘ऋतुजाच्या घरी ऑपरेशन चाललंय’ असं झालं, त्यात माझा काय दोष? बायडाबाई मऊ भाताचा डबा घेऊन आल्या, पेशंट कुठंय म्हणून. लॅपटॉप दाखवला तर म्हणल्या, लई सुकलाय. तांब्यात पाणी घेऊन लिंबू उतरवायला निघाल्या होत्या — ऋतुजा ओरडली, पाणी नको, पाणी नको!

कुठं निघालात? शिडी? शिडीवर माझी गोधडी वाळतेय. हो, ओली हाय, आत्ताच धुतली. अन् तुमची पिशवी — पक्कड, हातमोजे — ते मी आत ठेवलंय, उन्हात कशाला तापू द्यायचं? असं बघू नका. तुमी लहान भावासारखे, म्हणून करते. घ्या की अजून अर्धा कप.

आता तुमी म्हणाल, पोरगी शेजाऱ्याची, लॅपटॉप तिचा, हिचा जीव कावून टांगणीला? शेजारधर्म! दुसरं काय? ...बरं, ह्यांना बोलू नका. तुमची अन् ह्यांची हॉटेलवर बैठक असते म्हणून आधीच सांगते. तेजश्री माझी — तुमाला तर माहितीच हाय, मनानं लग्न केलं, ह्यांनी नाव टाकलं. माझा मोबाईल रोज तपासतेत. मग मी दर रविवारी विरजण आणायला म्हणून संगीताकडं जाते. एवढं विरजण कुणाला लागतं? ह्यांना वाटतं आपल्या घरी दही लागतच न्हाई. लागतं हो, चांगलं घट्ट लागतं! तिथं त्या लॅपटॉपवर तेजश्री दिसते. मोठी दिसते, मोबाईलसारखी टिकलीएवढी न्हाई. तिला बाळ झालंय. अजून बघितलं न्हाई मी — मागच्या रविवारी दोनदा लॅपटॉप बंद पडला, नुसतं दुपटं दिसलं, लाल. म्हणून तर पोरगी आज हा खटाटोप करतेय, माझ्यापायी. आत्ता थोड्या वेळात तेजश्री फोन लावणार हाय, अन् तुमी म्हणता फांद्या तोडतो!

गप. ऐका — ऋतुजाच बोलतेय ना? काय गं? झालं? चालू झाला? अगं जोरात बोल... काय येत न्हाई? आवाज? अजिबातच?

बघा भाऊ. मेला न्हाई, पण मुका झाला. म्हणजे मी गल्लीभर सांगितलं ते अगदीच खोटं न्हाई ठरलं. संध्याकाळी बघते म्हणतेय आवाजाचं. संध्याकाळी हे घरी असतेत.

राहू द्या. दिसंल तर खरं. लेकराला कुठं बोलता येतंय? अन् तेजश्रीचं काय, तिचं मला पाठ हाय. दर वेळी पहिलं तेच विचारती, “आई, अप्पांनी माझं नाव काढलं का गं?” अन् दर वेळी मी, रेंज न्हाई, ऐकू येईना, असं करत बसते. आज खरंच ऐकू येणार न्हाई. आज खोटं बोलावं लागणार न्हाई मला.

...आले गं ऋतुजा, आले, पदर तरी नीट करू दे!

तुमी अजून बसलात? उठा. पिशवी दाराआड हाय. आधी देवळाच्या गल्लीतल्या फांद्या तोडा, मग पारावरच्या. इकडं यायचं न्हाई. मी हाक मारल्याबिगर यायचंच न्हाई. जा म्हणते ना.