रत्नाकररावांचं कन्नड

१९६४ साल. मल्लेश्वरमच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोन मराठी गृहस्थ उभे होते. एक नुकतेच रिटायर झालेले, दुसरे होऊ घातलेले.

"रत्नाकरराव, घरी करमतं का हो?"

"सुरुवातीला हिच्या फोडणीत चुका काढायचो. मग हिनंच इस्पितळात सेवेला धाडलं."

"तिथे काय करता?"

"रोग्यांशी कन्नडमध्ये गप्पा मारतो."

"तुम्हाला कन्नड येतं?"

"स्वल्प. म्हणून तर सगळे हसतात. एक म्हातारा अज्जा इतका हसला, की त्याच्या पोटाचे टाके उसवले."

"अरे बापरे! मग?"

"डॉक्टरांनी त्या वॉर्डात येऊ नका म्हणून सांगितलं."

"आणि आता?"

"आता तापाच्या वॉर्डात जातो. काल अज्जा बरा होऊन घरी निघाला. वाट वाकडी करून माझ्याकडे आला आणि म्हणाला, 'रायरे, आता बोला. टाके काढलेत.'"