धारेचं स्टूल

न्हाय, मला एवढंच सांगा... स्टुलाला कव्हर कोण शिवतं? झालर लावून! आमच्या आईनं शिवलंय. उचगावला या, दाखवतो. फक्त बसायचं नाव काढू नका, तिथं कुणीच बसत न्हाय!

तुम्हाला सांगतो, मी डिप्लोमा तिसऱ्या वर्षात सोडला. तेव्हापासनं आमचे आण्णा मला चारचौघांत 'आमचं इंजिनेर' म्हणतात आणि स्वतःच हसतात. स्वतः काय करतात? तालमीच्या कट्ट्यावर बसून जगाला अक्कल शिकवतात! घरात एक म्हस, तानी. तिची धार आई काढायची. तीस वर्षं, दोन वेळा, चवड्यावर बसून. गुडघे असे वाजायचे की तानी कान टवकारायची!

म्हणून म्हटलं, धारेला बसायला बुटकं स्टूल करू. वादळात पडलेल्या फणसाचं लाकूड होतं. रंधा आणला, पटाशी आणली, मोबाईलवर बघून बघून शिकलो. आणि काय सांगू... रंधा नीट लागला की पिवळंधमक पातळ वेटोळं निघतं, सुर्रर्र आवाज येतो, आणि डोक्यातला आण्णांचा आवाज बंद! सकाळची दुपार कधी झाली, पत्ता न्हाय. एक खिळा मारला न्हाय. पाय भोकात ठोकून बसवले, मग घासत बसलो, घासत बसलो... हात फिरवला तर रेडकाचं नाक!

दिलं आईच्या हातात. तिनं आधी हात पदराला पुसले.

"आगाई! एवढं चांगलं कशाला केलंस रं? ह्ये शेणात ठिवू व्हय?"

स्टूल गेलं हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. आई गेली गोठ्यात. आणि बसली चवड्यावर!

आण्णा आल्यागेल्याला दाखवायला लागले, "आमच्या इंजिनेरानं केलंय!" हेच आण्णा आठ दिवसांमागं काय बोलत होते? "सुतारकी करून घराण्याचं नाव घालवतोय!"

मग आई म्हणाली, "गोठ्याला एक वाईट कर की. येडंवाकडं." वाईट? अहो, त्यात आपला हात कोण धरणार? चौदा विषय राहिलेत माझे! बसलो मुद्दाम वाईट करायला. पण रंधा हातात आला की... एक कड खरबरीत राहिली, तेवढी घासू म्हटलं. मग दुसरी कड बघवंना. आयला, पहिल्यापेक्षा भारी झालं! "एवढं चांगलं कशाला केलंस?" हॉलमध्ये. तिसरं? हॉलमध्ये! जन्मात पहिल्यांदा ठरवून नापास व्हायला बसलो, तर पास होतोय!

गेल्या महिन्यात धार काढून आई उठायला गेली... उठलीच न्हाय. दुधाची चरवी मांडीत धरून, तानीच्या पोटाला डोकं टेकून तशीच बसलेली. मी उचलली तिला. डॉक्टर म्हणाले, "मावशी, खाली बसणं बंद." तीन-तीन स्टुलं होती हो घरात! मी लई वरडलो. म्हणाली, "डाग पडला असता रं."

तानी दुसऱ्या हाताला दूध देत न्हाय. मी बसलो तर लाथ. आण्णा? आण्णांनी गोठा लांबनंच बघितलाय! विकली. शिरोळचं पावणं टेम्पो घेऊन आलं. दावं आपल्याकडं ठेवायची रीत, ते आईनं सोडून घेतलं आणि हातात धरून उभी राहिली... आणि नेमकी तवाच आण्णांना दानत सुचली! "रिकामं कसं जाता पावणं? ह्ये घ्या, इंजिनेरानं केलंय!" पहिलं स्टूल! इचारलं न्हाय, काय न्हाय.

काल पावण्यांनी फोटो पाठवला. मला लाथ घालणारी तानी गुमान उभी, आणि पावण्यांची बायको स्टुलावर ऐसपैस बसून धार काढतीया. पाय शेणात रुतलेत, स्टूल बरबटलंय. जसं व्हायला पायजे तस्संच! आईनं मोबाईल डोळ्यांजवळ धरला. लई वेळ बघत होती. म्हटलं, आता तरी हिला कळलं असंल, कशासाठी केलंतं...

"बघ की रं," म्हणाली, "एवढं चांगलं स्टूल... घाण करून ठिवलं तिनं!"

"व्हय आई," म्हटलं. "केलं."