हरण्यानं गाडी थांबवली

महिपती : उद्याच्या बाजारात हरण्याला इकणार म्हंजे इकणार! भर बारामतीच्या रस्त्यात मला तोंडावर पाडलं. फेटा कुठं, मी कुठं. गुळाचे आडते, सर्विस मोटारीतली माणसं, समदी पोट धरून हसली.

छबूबाई : हसणारच की. धन्यानं बैलाच्या पायाशी लोटांगण घातलेलं कुणी बघितलंय?

महिपती : तू गप. आनि सूनबाईला सांग, म्हायेरचा बैल म्हून तोंड पाडून बसू नको म्हणावं.

मुक्ता : आबा, बोलू का? हरण्यानं तुमाला पाडलं न्हाय.

महिपती : मग काय मी हौसेनं उडी मारली?

मुक्ता : गाडी थांबली, तुमी थांबला न्हाय. चालतं ते आपणहून थांबत न्हाय, बसलेलं आपणहून हालत न्हाय. आमच्या कळंबचे मास्तर ह्याला जडत्व म्हणायचे.

छबूबाई : ह्यांचं बूड बाजंवर टेकलं की उठत न्हाय, ते बी जडत्वच का गं?

मुक्ता : तेच, आत्याबाई! आता ही बाळीची रिकामी झोळी हालवा. बोटानं थांबवा.

छबूबाई : थांबली की.

मुक्ता : आता झोळीत बाळीला ठेवते. तेवढ्याच जोरात जाऊ द्या... थांबवा.

छबूबाई : अगं बया, बोट लोटून गेली पुढं! अख्खा हात लावावा लागला.

मुक्ता : वजन जास्त, तेवढं जडत्व जास्त. हालवायला जड, थांबवायला बी जड. त्यात वेग असंल तर इचारूच नका. वजन आनि वेग गुणला की संवेग. आबा, गुळानं भरलेली गाडी उतारानं पळत हुती, मधी म्हस्कू धनगराचं कोकरू आलं. तो समदा संवेग कुणी झेलला?

महिपती : दोन्ही बैलांनी.

मुक्ता : जोडीच्या सर्ज्याच्या मानंला ओरखडा बी न्हाय. हरण्याची बघितली?

महिपती : जू घासतंच की बैलाला.

मुक्ता : वढताना वशिंडापुढं घासतं. ह्याचं शिंगामागं सोललंय. गाडी मागनं ढकलत हुती, जू पुढं सरकत हुतं, आनि ह्यो पाय रोवून हुबा.

(महिपती गोठ्यात जातो. बऱ्याच वेळानं परत येतो.)

महिपती : शिंगामागंच हाय. मांस दिसतंय.

छबूबाई : अरं देवा!

महिपती : मी पडलो तवा चाक माझ्यापासनं वीतभर हुतं. ह्यो एक पाऊल जरी हालला असता...

छबूबाई : आता इकता का?

महिपती : हळद आन आधी. तेल बी.

छबूबाई : आनते. आनि उद्याचा बाजार?

महिपती : जायाचं की. गाडी न्हाय, हरण्या निस्ता चालत यील माझ्यासंगं. जे हसले त्यांच्याच म्होरनं न्हेतो. भरली गाडी ह्या गड्यानं मानंवर धरली, म्हून सांगतो.

मुक्ता : आनि कशी धरली इचारलं तर?

महिपती : ते मला न्हाय सांगता यायचं. बाळीला घे, तू बी चल.